काळ्या टेपखाली

किल्ली अर्धी फिरवायची आणि थांबायचं,
रुझार मिस्त्रीने शिकवलेली पहिली गोष्ट.
इंजिन अजून झोपलेलं, आणि काचेमागे
सगळे दिवे एकदम पेटतात
शिगम्याच्या चित्ररथावर पेटतात तसे.
"मोज गो बाय," तो म्हणाला, "विझायच्या आधी मोज."

मी मोजले.
नळीला थेंब लोंबकळणारी झारी, ती ऑईलची;
थेंब आता पडेल वाटतं, पडत नाही.
लाटांत उभा थर्मामीटर, माझ्याच ट्रेमधून पळालेला.
अधिक-उणे लिहिलेली पेटी.
पिवळी चकली: डिझेलची गाडी,
थंडीत ती विझेतो स्टार्टर मारायचा नाही.
आणि पट्ट्याने बांधलेला एक माणूस
मांडीवर भला थोरला फणस घेऊन बसलेला.
"फणस न्हय," रुझार हसला, "एअरबॅग."

लाल म्हणजे आहेस तिथे थांब,
पूल असो, घाट असो, भाच्याचं लग्न असो.
पिवळा म्हणजे चालव, पण माझ्याकडे ये.
हिरवा-निळा नुसताच बोलका.
बाकी सगळं कंपनीच्या पुस्तकात आहे
आणि पुस्तक डिकीत ओल धरून
पावासारखं फुगलंय.

मी मान हलवली. मला कोण शिकवणार हे?
एकतीस वर्षं कुडचड्याच्या दवाखान्यात
रात्रपाळीला मॉनिटर वाजला की
हातातला चहा कुठे ठेवला ते सकाळी आठवायचं.

"आणि हा?" रुझारने बोट टेकवलं.
झारी आणि पेटी यांच्या मधे
एक चौकोन, जो पेटलाच नव्हता.
पेटलेल्याला भ्यायचं नसतं, म्हणाला,
जो सुरुवातीलाही पेटत नाही त्याला भी.

मीटर खोललं. आत, काचेच्या पाठीला,
नखाएवढी काळी टेप.
नीट कापलेली, कोपरे दाबून बसवलेले,
घाईचं काम नव्हतं ते.

गाडी कुष्टाबाब नायकांची.
खाण बंद पडली, तीन ट्रक उभे राहिले,
चाकांतून घाणेरीची झुडपं वर आली,
आणि मग बायकोने ही मला विकली.
अजून एसी लावला की पहिला श्वास
लाल धुळीचा येतो.

ते एका रात्री चालत आले होते दवाखान्यात.
जरा घाम येतोय, बाकी काही नाही.
छातीत दुखतंय?
नाही.
हात? जबडा?
नाही हो सिस्टर, तुम्ही उगाच.
साखर वीस वर्षांची जुनी.
ईसीजीची रेघ अनमोडचा घाट चढत होती
आणि ते मला विचारत होते
बाहेर लावलेल्या गाडीचा दिवा चालू राहिलाय का.
साखर शिरा खाते, मग आत आरडाओरडा चालू असतो
आणि चेहऱ्यापर्यंत वायर येत नाही.
मडगावला नेताना, चांदरच्या अलीकडे.
मी मागे बसले होते, त्यांचा चष्मा धरून.

टेप त्यांनी लावली, की ड्रायव्हरने?
रुझारने खांदे उडवले.
"सदांच पेटिल्लो दिवो कोणाक पळोवंक जाय?"

मला विचारू नका. माझ्या पर्समध्ये
चवथीपासून एक रिपोर्ट घडी करून आहे.
घडीवर घडी घालत
तो आता बस-तिकिटाएवढा झालाय.

टेप निघाली. खालचा दिवा पेटला, पिवळा,
नळासारखा की कासवासारखा, मला ठरवता येईना;
"इंजिन," रुझार म्हणाला, जरा दुखावून.
एक सेन्सर, अठराशे रुपये, दोन दिवस.
विझला.

फणसवाला मात्र विझत नाही.
त्याचा पार्ट हुबळीहून येणार आहे,
तीन आठवडे झाले, येणारच आहे.
तोवर चालव, पण सावकाश, असं ठरलंय.

सकाळी गेटपाशी किल्ली अर्धी फिरवते.
शेजारची फिलोमिना खिडकीतून बघते,
बहुतेक म्हणत असेल, म्हातारी गाडीत बसून
आकडे कसले पुटपुटते.
आठ. नऊ. चकली विझली. नऊच्या नऊ आहेत.
मग सावर्ड्याच्या पुलावर आम्ही दोघं:
मी, आणि काचेआडचा तो माणूस,
पट्टा लावलेला, फणस सांभाळत,
सगळा रस्ता पेटलेला.